तीस पावलांवरची वाडी

"गिरगाव बघायला? गिरगाव ही काय बघायची गोष्ट आहे?" ही बाबांची पहिली प्रतिक्रिया. दुसरी प्रतिक्रिया आत्याची. ती काहीच बोलली नाही, उठून कपाटातली बरी साडी काढायला गेली.

नाताळच्या आधीचा रविवार होता. लेकाने कुठेतरी खोताच्या वाडीचे फोटो पाहिले होते. रंगीत लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने, गल्लीभर टांगलेले कागदी तारे. "आजोबा, हे तर तुमच्या गिरगावात आहे!" असं म्हणून त्याने मोबाईल बाबांच्या नाकासमोर धरला. बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "हो, आमच्या चाळीपासून तीस पावलांवर. मी कधी आत गेलो नाही."

बाबा ३९ वर्षांचे होईपर्यंत त्या चाळीत राहिले. मीही पहिली सात वर्षं तिथलीच. तीस पावलांवरच्या वाडीत ३९ वर्षांत एकदाही जाऊ नये? त्यांना यात काही विशेष वाटलं नाही. "काम काय होतं तिथे?"

तर आम्ही निघालो. मी, नवरा, लेक, बाबा आणि आत्या. आईचे गुडघे आता जिने नको म्हणतात, त्यामुळे ती घरीच थांबली. (खरं कारण वेगळं असावं असा मला संशय आहे. चाळीतल्या मोरीची आठवणही तिला नको असते.) डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून चर्नी रोड.

चर्नी रोड हे नाव कुठून आलं, हे लेकाने विचारायच्या आधीच आत्याने सांगून टाकलं. गुरं चरायची म्हणून चर्नी. ठाण्याजवळच्या चेंदणीहून आलेल्या लोकांनी ते नाव सोबत आणलं असंही म्हणतात, पण गिरगावकराला गुरांचीच कथा आवडते. १८३८ मध्ये सरकारने मैदानावर गुरं चारायला पट्टी बसवली. गरिबांना ती परवडेना, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी ठाकुरद्वाराजवळ जमीन विकत घेऊन गुरांना मोकळी करून दिली. आता तिथे गाय तर सोडाच, स्कूटर उभी करायला जागा नाही.

स्टेशनातून गिरगावात शिरताना मी लेकाला एक खेळ दिला, वाटेतली नावं गोळा करायची. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, गायवाडी, मुगभाट, बोरभाट. पाटीवर दिसली नाहीत ती आत्याने पुरवली. गिरगाव म्हणजे गिरीच्या, मलबार हिलच्या, पायथ्याचं गाव. वाडी म्हणजे बाग, भाट म्हणजे शेत. शहर बांधून झालं, बागा गेल्या, नावं तशीच राहिली. मुगभाटात मूग पिकत होता हे चाळीतल्या किती जणांनी लक्षात घेतलं असेल कुणास ठाऊक. आम्ही तर मुगभाट हा शब्द "गल्ली" याच अर्थाने वापरत होतो.

बागांच्या चाळी का झाल्या, याचं उत्तर कापसात आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईवर पैशांचा पाऊस पडला. १८६४च्या शिरगणतीत शहराची वस्ती आठ लाखांवर गेली होती. युद्ध संपलं, भाव कोसळले, शेठ बुडाले आणि माणसंही घटली. पण पुढे गिरण्या आल्या, कचेऱ्या आल्या, आणि कोकणातून बोटीने येणारा मुलगा कुठेतरी पथारी टाकायला हवीच होती. वाडीचा मालक फणसापेक्षा भाडेकरू बरा म्हणू लागला. माझे पणजोबा असेच आले. फोर्टात कारकुनी, गिरगावात खोली, आणि सणाला गाव.

बाबा नेहमीच्या चालीने पुढे चालले होते. ८० वर्षांचा माणूस डोंबिवलीत काठी घेऊन चालतो आणि इथे काठी बगलेत! प्रार्थना समाजाच्या नाक्यावर थांबून त्यांनी लेकाला सांगितलं, "हा बस स्टॉप नाही, हा खरोखरचा समाज आहे." १८६७ साली स्थापना, मंदिर १८७४ चं, रानडे-भांडारकरांचं. मूर्ती नाही, जात नाही, प्रार्थना फक्त. लहानपणी त्यांनाही हे बसच्या स्टॉपचंच नाव वाटत होतं. पलीकडचा सरदार वल्लभभाई पटेल रस्ता म्हणजे जुना सँडहर्स्ट रोड. याच रस्त्यावरच्या कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. आणि १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये. लेकाला मुका सिनेमा आणि बोलता सिनेमा दोन्ही आजोबांच्या गल्लीत जन्मले याचा इतका आनंद झाला की बाबांचीही मान ताठ झाली, जणू फाळक्यांना तिकीट यांनीच काढून दिलं होतं.

सँडहर्स्ट रोडची गोष्ट मात्र सिनेमाची नाही, प्लेगची आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि लोक मुंबई सोडून पळाले. १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्त्या फोडायच्या, समुद्राचा वारा शहराच्या पोटात न्यायचा, म्हणून पूर्व-पश्चिम रुंद रस्ते पाडले. त्यातला हा एक, गव्हर्नरच्या नावाचा. वारा आला. पण ज्यांची घरं त्या वाऱ्याच्या वाटेत होती, त्यांतले बरेच जण शेजारच्या चाळींत अजून दाटीने राहायला गेले. गिरगावातल्या पाडापाडीला असा सव्वाशे वर्षांचा वारसा आहे. असो.

खोताच्या वाडीकडे वळण्याआधी आमच्या चाळीची जागा लागते. चाळ नाही, जागा. चाळ विसाएक वर्षांपूर्वी पाडली. तिथे आता काचेचा उंच टॉवर आहे, खाली तीन मजले गाड्यांचे, आणि फाटकाशी गणवेशातला वॉचमन. आम्ही पाच जण मान वर करून उभे राहिल्यावर त्याने विचारलं, "किसके घर जाना है?"

बाबा म्हणाले, "किसीके नहीं."

आत्या रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. इथे आमच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगायला हवी. १९८४ मध्ये बाबांनी खोली पागडीने दिली. पागडीतला मालकाचा हिस्सा रीतीप्रमाणे मालकाला गेला, उरलेल्यात थोडं कर्ज घालून डोंबिवलीची जागा झाली. आत्याचं लग्न झालेलं नव्हतं, ती त्याच खोलीत राहायची, फोर्टातल्या नोकरीला चालत जायची. तिला विचारलं नाही, सांगितलं. पुढे वीस वर्षांनी टॉवर झाला तेव्हा जे थांबले होते त्यांना त्याच जागी फ्लॅट मिळाले. "थांबला असतास तर, दादा," हे वाक्य आमच्या घरात दर दिवाळीला एकदा तरी होतं. बाबांचं उत्तरही ठरलेलं: "आठ जण, दीडशे फूट, मजल्याला दोन संडास. थांबायचं कशाच्या जिवावर?"

दोघांचंही खरं आहे, आणि त्यामागे एक कायदाही आहे. १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा. प्रमाण भाडं सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधून टाकलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत, फाळणीच्या लोंढ्यात त्या कायद्याने लाखो भाडेकरूंच्या डोक्यावर छप्पर ठेवलं. आमचंही त्यातलंच. पण तो तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक चालला. १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत. खोलीचं भाडं अकरा रुपये, आणि अकरा रुपयांत मालक जिन्याची एक पायरीसुद्धा बदलणार नाही. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला, इमारतींवर उपकर बसवला. लाकडी खांबांना लोखंडी टेकू आले. आमच्या मजल्यावरचा टेकू मला आठवतो. आम्ही मुलं त्याला धरून गोल फिरायचो. तो आपल्याला खेळायला लावलाय असंच वाटायचं.

"चल गं बेबी," बाबांनी पलीकडून हाक मारली. आत्या आली. आणि मग वाडीच्या तोंडाशी एक गंमत झाली.

आम्ही सगळे पाट्या शोधत होतो. आत्या सरळ चालत आत शिरली, पहिल्या वळणाला डावीकडे न बघता वळली, आणि म्हणाली, "इथे एक पायरी तुटकी असायची, जपून." पायरी आता नीट होती. पण आम्ही चौघेही जागच्या जागी थांबलो.

"तू आली होतीस इथे?" बाबांनी विचारलं.

"दोन वर्षं. दर शनिवारी. शिवण शिकायला." आणि मग, जरा थांबून, "आईला माहीत होतं. तुला आणि अण्णांना सांगायचं नाही असं ठरलं होतं."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. साठ वर्षांपूर्वीची बातमी त्यांना भर रस्त्यात मिळाली होती.

खोताची वाडी नेमकी काय आहे ते इथे सांगते, कारण फोटोंमधून ते कळत नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी ही जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांकडे होती. त्यांनी तुकडे पाडून ती ईस्ट इंडियन कुटुंबांना दिली. म्हणजे नाव एका हिंदू खोताचं, वस्ती ख्रिस्ती लोकांची. घरं एकमजली-दुमजली, लाकडी, कौलारू, समोर उघडा सोपा, बाहेरून जिना. एके काळी अशी ६५ घरं होती म्हणतात, आज निम्मीही नाहीत. मधूनमधून सात-आठ मजल्यांच्या इमारती घुसल्या आहेत आणि त्यांच्या सावलीत ही घरं पिवळी, निळी, लाल उभी आहेत.

आणि हे ईस्ट इंडियन कोण? या नावाने आमच्यासारख्या लोकांचा मोठा घोटाळा केलाय. आम्हाला वाटायचं गोव्याकडचे असतील, किंवा अँग्लो-इंडियन. ही तर मुंबई, साष्टी, वसईची मूळ माणसं. १५३४ च्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि इथले कोळी, भंडारी, कुणबी अशा अनेक जातींतले लोक ख्रिस्ती झाले. १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. राज्यं बदलली, या लोकांचं गाव बदललं नाही. पुढे गोव्याहून, मंगळूरहून ख्रिस्ती लोक नोकरीला मुंबईत येऊ लागले तेव्हा "आम्ही त्यांच्यातले नाही, आम्ही इथले, कंपनी सरकारच्या वेळेपासूनचे चाकर" हे सांगायला १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी कंपनीचंच नाव घेतलं. पश्चिम किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी, घरात मराठी बोलणारे, जुन्या बायका लुगडं नेसणाऱ्या, आणि नाव ईस्ट इंडियन! नोकरीसाठी घेतलेल्या नावाने शेजाऱ्याला परकं केलं. अर्थात सगळा दोष नावाचा नाही. आमच्या चाळीने तरी कुठे विचारलं होतं?

आमची चाळ वाईट नव्हती. गणपतीला वर्गणी काढायची, कुणाच्या घरी मयत झालं तर पूर्ण मजला चूल पेटवायचा नाही. जवळच केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, १९०१ मध्ये टिळक तिथे येऊन गेले, याचा अभिमान आम्हाला आमच्याच गणपतीइतका. मुंबईचं मराठीपण म्हणजे गिरगाव, आणि गिरगाव म्हणजे आपण, असं आम्हाला मनापासून वाटत आलं. ज्यांची मराठी पणजोबांच्या बोटीपेक्षा तीनशे वर्षं आधी इथे बोलली जात होती, ते लोक तीस पावलांवर होते आणि आमच्या त्या मराठी गिरगावात त्यांना जागा नव्हती. वैर नव्हतं. वैर असतं तर निदान ओळख तरी झाली असती.

शिवण शिकवणाऱ्या बाईंना आत्या आंटी म्हणायची. त्यांच्याकडे पायाने चालवायचं मशीन होतं. ब्लाउज बेतायला त्यांनी शिकवलं, फ्रॉकही शिकवला, "तुझ्या भाचीला होईल" म्हणून. (भाची म्हणजे मी तेव्हा दूरदूरपर्यंत नव्हते!) उन्हाळ्यात त्यांच्या सोप्यावर मिरच्या वाळायच्या, मसाला कुटून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणून तो बॉटल मसाला. आणि नाताळात त्या बशी भरून द्यायच्या. "त्यात नेवऱ्या असायच्या," आत्या म्हणाली. "आपल्या आईच्या गावी करंजीला नेवरीच म्हणायचे. मी आंटींना म्हटलं, हे तर आमचं. त्या म्हणाल्या, नाही, हे आमचं."

"आणि तू खाल्लंस?" बाबा.

"फुगेही खाल्ले. त्यात अंडं असतं."

नवरा हसू दाबत दुसरीकडे बघायला लागला. बाबांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "घरी का नाही आणलेस?" यावर आत्या काही बोलली नाही. खरं तर यावर कुणीच काही बोलण्यासारखं नव्हतं.

गल्ली इतकी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने सोप्याशी सरकायचं. टांगलेल्या ताऱ्यांमुळे उन्हाचेही रंग झाले होते. वाडीत क्रॉसचं एक लहानसं पांढरं देवघर आहे, ताजी फुलं वाहिलेलं. मुंबईच्या जुन्या गावठाणांत असे क्रॉस जागोजागी आहेत, आणि त्यांतले बरेच प्लेगच्या वर्षांत, रोग आपल्या गल्लीत येऊ नये म्हणून, बांधलेले. त्याच काळात आमच्याकडे लोक शीतळादेवीला आणि मरीआईला नवस बोलत होते. बाबांनी चपला काढून नमस्कार केला. सवयीने, दोन्ही हात जोडून.

आमच्यासारखे बघे बरेच होते. कॅमेरे, टोप्या, एक जण तर लग्नाआधीचे फोटो काढून घेत होता. एका सोप्यावर एक वृद्ध बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि त्यांच्या दारासमोर उभं राहून फोटो काढणाऱ्या मुलीला शांतपणे सांगत होत्या, "आधी विचारायचं, मग काढायचा. घर आहे हे." मराठीतच. लेकाने आपला मोबाईल पटकन खिशात घातला.

आत्याने पुढे होऊन आंटींच्या घराची चौकशी केली. बाईंनी ओळखलं नाही, आंटींना मात्र ओळखलं. "ती केव्हाच गेली. मुलं बाहेर. घर विकलं." आणि हाताने दाखवलं. तिथे सात मजल्यांची इमारत उभी होती, गॅलऱ्यांना स्टीलच्या जाळ्या.

मालकी असून ही गत. मुंबईने १९९५ मध्ये वारसा जपण्याचे नियम केले, खोताच्या वाडीचं नाव वारसा परिसरांत आहे, पण लाकडाला वाळवी लागते, कौलं फुटतात, सुतार मिळत नाही, आणि शेजारच्या टॉवरचा भाव रोज कानावर येतो. ज्यांनी इतकी वर्षं विकलं नाही ते श्रीमंत म्हणून नव्हे, हट्टी म्हणून टिकले. आमच्या चाळीला तो हट्टही करता आला नसता. घर मुळात आपलं असावं लागतं. त्यामुळे आज गिरगावात फोटो काढण्याजोगं जे उरलं आहे ते थोडक्या घरमालकांचं. ज्या खोल्यांत गिरगावातली हजारो माणसं जन्मली आणि मेली, त्यांची अशी रंगीत गल्ली कुठेच होणार नाही. झाली तरी आई बघायला येणार नाही हेही खरं.

"तुम्ही कुठले?" बाईंनी बाबांना विचारलं.

"इथलाच. समोरच्या चाळीतला. ३९ वर्षं होतो."

"मग आला नाहीत कधी?"

बाबांनी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "आज आलो." बाई हसल्या. त्यांनी आत हाक मारली आणि आतून कुणीतरी पाण्याचे पेले आणून दिले. बाबा सोप्याच्या पायरीवर टेकले. पंधरा-वीस मिनिटं त्यांचं काय काय चाललं होतं: पाणी पहाटे चारला यायचं का साडेचारला, ट्राम कुठे वळायची, कुठल्या दुकानातला पाव बरा होता. पावाचं दुकान दोघांचंही एकच निघालं. आत्या तोपर्यंत त्या सात मजली इमारतीसमोर उभी होती. मी जवळ गेले नाही.

ठाकुरद्वाराकडे येऊन मिसळ आणि पियुष झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, चव होती तशीच आहे, बाकड्यावर बसायला मात्र नंबर लावावा लागतो.

परतताना लेकाला मेट्रोच हवी होती. गिरगावचं भुयारी स्टेशन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालं. त्यासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या, त्यांतली कुटुंबं वर्षानुवर्षं दुसरीकडे राहिली. आम्ही सरकत्या जिन्याने खाली, अजून खाली जात राहिलो. बाबा कठडा घट्ट धरून होते. खाली फलाटावर पोचल्यावर ते पाटीसमोर थांबले. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: गिरगाव.

"बेबी, बघ," ते म्हणाले. "आपल्या वेळी या नावाचं स्टेशनच नव्हतं. चर्नी रोडला उतरायचं, नाहीतर मरीन लाइन्सला."

"थांबला असतास तर," आत्या म्हणाली, "खालून गाडी होती."

गाडी आली. दादरपर्यंत दोघं शेजारी बसली होती आणि बाबा तिला नेवरीत आंटी नक्की काय सारण भरायच्या ते विचारत होते.